स्टुडबेकर अवान्ती, १९६३-६४: रेषा लोवींची, हाडं लार्कची

जुनी अवान्ती विकत घ्यायच्या विचाराने बघायला जाताना टॉर्च, एक जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि जमिनीवर अंथरायला पुठ्ठा बरोबर न्यावा. गाडीपाशी पोचल्यावर आधी तिच्याखाली शिरावं. भोवती फेरी नंतर मारायची. हा क्रम उलटा झाला की व्यवहार फसतो, कारण बाहेरून ही गाडी साठ वर्षांनंतरही अशी दिसते की बघणारा तिथेच पाघळतो. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही. रंग मारला की नवी. पण ती ज्या पोलादावर बसली आहे ते गंजतं, आणि गंजताना बाहेर पत्ता लागू देत नाही.

मॉडेलची वर्षं दोनच, १९६३ आणि १९६४. पहिल्या वर्षी ३,८३४ आणि दुसऱ्या वर्षी ८०९, अशा एकूण ४,६४३ गाड्या झाल्या. स्टुडबेकर ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली, साऊथ बेंड गावची कंपनी. आपल्याकडे जुन्या पिढीला हे नाव ठाऊक आहे ते हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला जोडलेल्या गाड्यांमुळे. अवान्ती हे त्या घराण्याचं शेंडेफळ, आणि शेंडेफळासारखीच तिच्यावर ऐपतीबाहेर उधळण झाली.

१९६१ च्या सुरुवातीला शेरवूड एगबर्ट कंपनीचे अध्यक्ष झाले. विक्री घसरलेली, तिजोरीत नवी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, बनवण्याइतके पैसे नाहीत, आणि शोरूममध्ये गिऱ्हाईक खेचणारं काहीतरी तर हवं. त्यांनी रेमंड लोवींना गाठलं. लोवी तेव्हा ६७ वर्षांचे होते. जन्म पॅरिसचा, १८९३ चा. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत आले, आधी फॅशनची चित्रं काढली, मग गेस्टेटनर कंपनीच्या प्रती काढणाऱ्या यंत्राला नवं रूप दिलं, आणि पुढे कोल्डस्पॉट फ्रीज, पेनसिल्व्हेनिया रेल्वेची इंजिनं, लकी स्ट्राइकचं पाकीट असं करत अमेरिकन घरातल्या निम्म्या वस्तूंपर्यंत पोचले. स्टुडबेकरशी त्यांचा संबंध १९३० च्या दशकातला. मधे काही वर्षं तो तुटला होता.

मार्च १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला एक घर भाड्याने घेऊन लोवींनी तिथे तीन माणसं बसवली: जॉन एबस्टीन, बॉब अँड्र्यूज आणि टॉम केलॉग. फोन बंद, घड्याळं काढून ठेवलेली. साधारण दोन आठवड्यांत एक-अष्टमांश मापाचं मातीचं मॉडेल उभं राहिलं, एप्रिल संपायच्या आत साऊथ बेंडला पूर्ण आकाराचं मॉडेल संचालकांनी मान्य केलं आणि बरोबर वर्षाने, एप्रिल १९६२ मध्ये, गाडी लोकांसमोर आली.

श्रेयाचा वाद इथे येणारच. लोवींच्या ऑफिसची रीतच अशी होती की हात कुणाचाही असो, सही साहेबांची. १९५३ ची स्टुडबेकर स्टारलायनर कूपे जगभर लोवींच्या नावावर मिरवली. ती बॉब बर्क यांच्या हातची. अवान्तीची बहुतेक रेखाटनं केलॉग आणि अँड्र्यूज यांची, मातीकामावर देखरेख एबस्टीनची. तरी अवान्तीवरचा लोवींचा हक्क स्टारलायनरपेक्षा आम्हाला खरा वाटतो. ते स्वतः त्या घरात ठाण मांडून होते, काय काढून टाकायचं ते त्यांनी ठरवलं, आणि या गाडीत काढून टाकलेल्या गोष्टींनाच जास्त महत्त्व आहे.

समोरून बघा. जाळी नाही. १९६२ साली अमेरिकन गाडीला जाळी नसणं म्हणजे घराला दरवाजा नसण्यासारखं होतं. रेडिएटरला हवा मिळते ती बंपरच्या खालून. बॉनेटवर एक उंचवटा आहे, तोही मधोमध नाही. डावीकडे, स्टिअरिंगच्या बरोबर समोर, बंदुकीच्या माशीसारखा ड्रायव्हरच्या नजरेत धरलेला. बाजूने बघितलं तर पुढच्या मडगार्डची कड वर धारदार सुरू होते, दरवाजापाशी कोकाकोलाच्या बाटलीसारखी आत दबते आणि मागच्या चाकावर पुन्हा फुगते. फुटपट्टी ठेवली तर सपाट टेकेल अशी जागा अख्ख्या गाडीवर शोधावी लागते. नाक खाली, पाठ वर. त्या काळात डेट्रॉइटमधल्या गाड्यांवर क्रोमचे पत्रे दागिन्यांसारखे लादलेले असायचे. इथे बारीक बंपर, काचांच्या कडा आणि चाकांच्या टोप्या एवढाच काय तो चमकदार ऐवज. लोवींचं आवडतं सूत्र होतं की वस्तू शक्य तितकी पुढची असावी, पण लोकांना पचेल इतकीच. इथे त्यांनी सूत्राचा दुसरा भाग बराचसा सोडून दिला, आणि म्हणूनच ती आज जुनी दिसत नाही.

आतली बाजू विमानावरून उचललेली आहे आणि ती नुसती नक्कल नाही. दिव्यांची आणि पंख्याची बटणं काचेच्या वर छतात. रात्री हात आपोआप तिथे जातो. हीटरच्या दांड्या विमानाच्या थ्रॉटलसारख्या. मीटरचे दिवे लाल, म्हणजे अंधारात डोळे दिपत नाहीत. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब दाखवणारा काटा आहे, इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर असलेल्या गाडीत तो उपयोगी पडतो. छताच्या आत पोलादी रोलबार बसवलेला आहे, डॅशबोर्डला गादी आहे, दाराच्या कुलुपांना अपघातात उघडू नयेत म्हणून शंकूच्या आकाराचा खिळा आहे. समोरच्या कप्प्यात आरसा उभा राहणारं शृंगाराचं छोटं टेबलही आहे. बसायला पुढे दोघांना ऐसपैस, मागे दोघांना मुंबई-पुणे अंतरापर्यंत ठीक. पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या पाठीशी आहे. आत शिरताच पेट्रोलचा वास आला तर टाकीला जोडलेले जुने रबरी पाइप आधी बदला. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित इंधनाने ते लवकर मऊ पडून गळतात.

आता खाली. अवान्तीची चेसिस म्हणजे स्टुडबेकरच्या साध्यासुध्या लार्क गाडीच्या कन्व्हर्टिबलची, म्हणजे छत उघडणाऱ्या प्रकाराची, मधे इंग्रजी एक्स अक्षरासारखी आडवी बांधणी असलेली. चाकांमधलं अंतर १०९ इंच. ही चेसिस दणकट आहे. खरं दुखणं आहे ते चेसिस आणि बॉडी यांच्या मधल्या दुव्यात. दोन्ही दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एकेक लांब द्रोणी धावते. डुकरांना खाणं घालतात त्या द्रोणीसारखा आकार, म्हणून कामगारांनी आणि पुढे मालकांनीही तिला हॉग ट्रफ हेच नाव ठेवलं. फायबरच्या बॉडीला लांबीच्या दिशेने ताठपणा मिळतो तो या दोन द्रोण्यांमुळे. बॉडी त्यांना जोडलेली, त्या चेसिसला बोल्टने बांधलेल्या.

चाकाने उडवलेलं पाणी आणि माती द्रोणीत जाते, निचरा धड होत नाही, आणि मिडवेस्टच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात भर घालतं. गंज आतून बाहेर येतो. खालून अंडरकोटिंगचा काळा थर शाबूत दिसतो. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी पत्रा टणत्कार करतो. सडलेला भदभद आवाज देतो, आणि टोक जरा दाबलं की आत जातं, वर हातावर खपल्यांचा पाऊस पडतो. विकणाऱ्याने टोचू दिलं नाही तर तेवढंच उत्तर पुरे. दुसरी खूण दारांत मिळते. द्रोण्या गेल्या की बॉडी मधोमध खचते, दाराची चौकट वरून आवळते आणि खालून उघडते. म्हणजे दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसेल, दार उचलून लावावं लागेल. बिजागरी झिजल्यानेही दार लोंबतं, म्हणून दार अर्धं उघडून मागच्या टोकाला वर उचलून बघा. हाताला खुळखुळ लागली तर दोष बिजागरीचा. दार घट्ट आहे आणि तरी फट वाकडी आहे, तर दोष खालचा. पंक्चरवाल्याने जॅक चेसिसऐवजी द्रोणीला लावून ती चेपलेली असते, तेही बघून घ्या.

नव्या द्रोण्या मिळतात, स्टेनलेस स्टीलच्याही मिळतात, आणि घालायच्याच तर त्याच घालाव्यात. काम वेळखाऊ आहे, अवघड नाही, पण एक चूक गाडी कायमची वाकडी करते: दोन्ही बाजू एकदम सोडणं. गाडी सपाट जमिनीवर, वजन आक्सलवर. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा-तिरका आधार बांधायचा, दारांच्या फटी चार ठिकाणी मोजून लिहून ठेवायच्या, मग एकच बाजू काढायची. बोल्ट सुटत नाहीत, बहुतेक कापावेच लागतात. बॉडी आणि चेसिसमधल्या रबरी गाद्यांखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. कुठल्या जागी किती होत्या ते चिठ्ठी चिकटवून ठेवा, कारण कारखान्यात त्या प्रत्येक गाडीला वेगवेगळ्या लागल्या होत्या. नवी द्रोणी बसवण्याआधी तिच्या आत गंजरोधक मेण भरपूर फवारायचं. नंतर तिथे हात पोचणार नाही. एक बाजू कसून फटी पुन्हा मोजल्या, जुळल्या, की मगच दुसरी.

फायबरचं प्रकरण वेगळं. बॉडीचे भाग ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला इथल्या मोल्डेड फायबरग्लास कंपनीत तयार व्हायचे, शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीचे व्हायचे तिथेच. सुरुवातीच्या लॉटमध्ये भाग एकमेकांना जुळेनात. बॉडी जुळेपर्यंत महिने गेले, ऑर्डर दिलेले लोक कंटाळून दुसरीकडे वळले. १९६२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पेस कार म्हणून, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी म्हणून, लार्कलाच धावावं लागलं. जिंकलेल्या रॉजर वॉर्ड यांना अवान्ती बक्षीस मिळाली हे खरं. शेवटी स्टुडबेकरने फायबरचं काम साऊथ बेंडला स्वतःच सुरू केलं. पैशाचा दुष्काळ होताच, हा तेरावा महिना.

त्यामुळे फटी सारख्या नाहीत म्हणून गाडी नाकारू नका. त्या कारखान्यातूनच तशा आल्या. बघायचे ते तडे. बॉनेटच्या कोपऱ्यांत, दिव्यांच्या भोवती, बिजागऱ्यांपाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असल्या तर रंगाखाली फायबर हललेलं आहे. भाग जिथे आतून पट्टीने चिकटवले आहेत तिथे उन्हात जोडाची रेघ रंगातून वर उमटते, गडद रंगावर जास्तच. त्यावर पुटी भरून, घासून रंगवलेली गाडी सहा महिने छान दिसते, मग रेघ परत येते. तड्याची दुरुस्ती वरून होत नाही: तडा इंग्रजी व्ही आकारात उघडायचा, मागच्या बाजूने घासून काचतंतूंची चटई (मॅट) आणि रेझिनचे थर द्यायचे, मग वरून भरायचं. जुना रंग काढायला लोखंडावर वापरतात ते रंग उतरवायचं रसायन लावू देऊ नका. ते रेझिनमध्ये शिरतं आणि नव्या रंगाखालून महिनाभराने फोड येऊन वर येतं. हाताने घासणं हाच उपाय, आणि त्याची मजुरी तशीच येते.

मागची काच हा सुरुवातीच्या गाड्यांचा बदनाम दोष. जोरात चालवताना आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकामुळे ती रबरातून निसटून बाहेर पडायची. नंतर ती धरून ठेवायला क्लिपा लावल्या गेल्या. तुमच्या गाडीत त्या आहेत का ते रबर जरा उचलून बघा. काच बदलून पुन्हा बसवताना क्लिपा परत न लावलेल्या गाड्याही असतात.

विजेच्या बारीकसारीक तक्रारींचं मूळ एकच आहे: फायबर वीज वाहून नेत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याला बॉडीचीच अर्थिंग मिळते. इथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला अर्थिंगची वेगळी वायर चेसिसपर्यंत नेलेली आहे. मागचा दिवा मंद, इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मिणमिणतो, पेट्रोलचा काटा उगाच नाचतो, असं काही दिसलं की बल्ब, स्विच, मीटर बदलायच्या मागे लागू नका. अर्थिंगची टोकं सोडून कागदाने घासा, स्टार वॉशर घालून पुन्हा आवळा. दहापैकी आठ तक्रारी तिथेच मिटतात.

इंजिन स्टुडबेकरचंच, २८९ घनइंचांचं व्ही-८, म्हणजे सुमारे ४.७ लिटर. मूळ आराखडा १९५१ चा. बिडाचं, जड, आणि जडपणाचा पुरता मोबदला देणारं: क्रँक फोर्ज केलेला, कॅमशाफ्टला साखळीऐवजी गिअर, प्रत्येक हेडला १८ बोल्ट. टॅपेट हायड्रॉलिक नाहीत, त्यामुळे गरम इंजिनाची हलकी टिकटिक ही तब्येतीची खूण समजा. अगदी मुकं इंजिन दिसलं तर कुणीतरी टॅपेट जास्त आवळलेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर आहेत.

प्रकार तीन. आर-१ मध्ये सुपरचार्जर नाही, कॉम्प्रेशन १०.२५, शक्ती सर्वसाधारणपणे २४० अश्वशक्ती सांगितली जाते. आर-२ ला पॅक्स्टनचा सुपरचार्जर, कॉम्प्रेशन ९ वर उतरवलेलं, शक्ती २८९, म्हणजे घनइंचाला एक. आर-३ चं इंजिन ३०४.५ घनइंचांपर्यंत वाढवलेलं, ३३५ अश्वशक्तीचं. ते कारखान्यातून बसवलेल्या अवान्ती फक्त नऊ. ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पॅक्स्टनचे प्रमुख अँडी ग्रॅनाटेली यांनी अवान्ती ताशी १६८ मैलांच्या वर पळवली आणि एकूण २९ विक्रम मोडले, ते याच जातीच्या इंजिनावर. बाजारात आर-३ म्हणून दाखवलेली गाडी बहुधा नंतर बनवलेली असते. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या भागात वर कोरलेला असतो: अवान्तीच्या आर-१ चा नंबर आर या अक्षराने सुरू होतो, आर-२ चा आर एस ने, आर-३ चा बी ने. जे टी किंवा जे टी एस दिसलं तर ते इंजिन त्याच काळातल्या लार्क किंवा हॉक या स्टुडबेकरच्याच गाड्यांमधलं आहे. चालायला तितकंच चांगलं, पण मूळ इंजिनाची किंमत त्याला देऊ नका.

या व्ही-८ ची खरी खोड थंडाव्यात आहे, आणि ती बहुतेक गॅरेजवाल्यांना कळत नाही. ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, मागच्या सिलिंडरांभोवती, ओतकामाची वाळू आणि गंज साचत जातो. गाडी महामार्गावर ठीक, रहदारीत काटा चढतो. मालक रेडिएटर बदलतो, थर्मोस्टॅट बदलतो, पंखा बदलतो, काटा चढतोच. तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना ब्लॉकच्या दोन्ही अंगांना खाली असलेले ड्रेन प्लग काढा. पाणी भसकन आलं तर सुटलात. बहुतेक वेळा थेंबही येत नाही. भोकात कडक वायर घालून ढोसा: आधी खट्ट लागेल, मग मऊ लागेल, मग कॉफीच्या चोथ्यासारखा तपकिरी चिखल वायरीला चिकटून येईल आणि त्यामागून लाल पाणी. रसायनाने धुऊन हा गाळ हलत नाही. ब्लॉकच्या बाजूची भोकं बुजवणारे पत्र्याचे कोअर प्लग काढून, वायर, वाकवलेला चमचा आणि दाबाचं पाणी घेऊन आतून खरवडावा लागतो. एका ब्लॉकमधून ओंजळभर निघणं नवल नाही. मग नवे पितळी प्लग. जाळी नसलेल्या नाकामुळे हवा आधीच मोजकी, त्यामुळे पंख्याभोवतीचं आवरण आणि बंपरखालचे पत्रे जागेवर असणंही इथे चैनीचं नाही.

आर-२ घ्यावी का? गंमत त्यात आहे हे निर्विवाद. शून्यापासून ताशी ६० मैल सात-आठ सेकंदांत, आणि पायाखाली दाब वाढताना येणारी ती शिट्टी. पण सुपरचार्जरच्या जागेमुळे आर-२ ला वातानुकूलन मिळत नव्हतं. पॅक्स्टनच्या आत वेग वाढवण्यासाठी पोलादी गोळ्यांची रचना असते, तिला स्वतःचं पातळ तेल लागतं. पातळी कमी राहिली की गोळ्या आणि त्यांच्या वाटा चरतात, आणि दुरुस्ती जाणकाराकडेच होते. चालू इंजिनावर घरघर ऐकू आली किंवा सीलपाशी तेलाचा ओघळ दिसला तर ओव्हरहॉलचा खर्च किमतीतून वजा करा. पूर्ण थ्रॉटलवर दाबाचा काटा चौरस इंचाला साधारण पाच पौंडांच्या आसपास जायला हवा. दोन-तीनवरच घुटमळत असेल तर आधी पट्टा घसरतो का ते बघा, सुपरचार्जर उघडायच्या आधी. आणखी एक नेहमीची चूक: इथे हवा कार्ब्युरेटरमधून ढकलली जाते, म्हणून कार्ब्युरेटर सीलबंद जातीचा असतो आणि इंजिनाच्या इंधनपंपाला दाबाची वेगळी नळी जोडलेली असते. ती नळी तुटली किंवा कुणी बंद केली तर ऐन जोरात पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण विरळ होऊन पिस्टन जळतो. नळी पेन्सिलएवढी, नुकसान इंजिनाएवढं. रोज थोडं चालवायचं असेल, उन्हाळ्यात बाहेर काढायची असेल, तर आर-१ घ्या. तिला महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल द्या, तेही मिळत नसेल तर टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्या. तेल चपट्या टॅपेटसाठी जस्त असलेलं.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात: फ्लोअरवरचा चार गिअरचा बोर्ग-वॉर्नर टी-१० सगळ्यात गोड, ऑटोमॅटिक विश्वासू, तीन गिअरचा मूळ गिअरबॉक्स कुणी मुद्दाम शोधत नाही.

ब्रेक हा या गाडीचा मानाचा तुरा होता. पुढे डनलॉपच्या परवान्यावर बेंडिक्सने बनवलेले कॅलिपर-डिस्क, मागे पंखेदार ड्रम. त्या काळी मोठ्या अमेरिकन गाड्या चारही चाकांना ड्रम घेऊन फिरत होत्या. या डिस्कचे सिलिंडर कॅलिपरला बाहेरून बोल्ट केलेले असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ब्रेक-ऑइलने ओढलेल्या ओलाव्यामुळे आतला पृष्ठभाग खड्डे पडून गंजतो आणि पिस्टन अडकतो. दहा मैल चालवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. एक बाजू जास्त तापली असेल तर पिस्टन परतत नाही. नुसते सील बदलून भागत नाही, सिलिंडरला स्टेनलेसचं अस्तर बसवून घ्यायचं. ते केलं की पुढची वीस वर्षं विषय नाही.

मागचा आक्सल डाना कंपनीचा, ४४ जातीचा, शाफ्टची टोकं निमुळती, हब त्यावर चावीने आणि नटाने बसतं. इथे हातोडा मारून हब काढणारा मेकॅनिक लांब ठेवा. चाकाच्या बोल्टना पकडून ओढणारा दणकट पुलर लागतो. घणाचे धक्के शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगवर जातात. बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ हवा. कुणी कौतुकाने ग्रीस लावलं किंवा नट ढिला ठेवला की चावी कापली जाते आणि चाक जागच्या जागी गरगरतं. पुढे जुन्या पद्धतीचे किंगपिन, म्हणजे चाकं ज्यांच्याभोवती वळतात ते खिळे, आहेत; स्टिअरिंगच्या दांड्यांच्या मधोमध एक बेलक्रँक, म्हणजे खिळ्यावर फिरून दोन्ही चाकं वळवणारा तुकडा, आहे. दोन्हींना नियमित ग्रीस हवं. स्टिअरिंगमध्ये दोन इंच रिकामा खेळ असला तर लोक स्टिअरिंग बॉक्सला दोष देतात, झिजलेला असतो बेलक्रँकचा मधला खिळा. पॉवर स्टिअरिंगचा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो. गळत नसेल तर टाकीत तेल आहे ना ते बघा.

सुट्या भागांची परिस्थिती या वयाच्या गाडीला शोभणार नाही इतकी चांगली आहे. यंत्राचा बहुतेक भाग लार्क आणि हॉकशी सामाईक, आणि साऊथ बेंडचा जुना साठा दशकानुदशकं विकला गेला. स्टुडबेकर ड्रायव्हर्स क्लब आणि अवान्ती मालकांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यात जुने जाणकार भेटतात. महाग आणि दुर्मिळ असतं ते फक्त अवान्तीचं म्हणून असलेलं सामान: काचा, आतली कव्हरं, डॅशबोर्डचे तुकडे, दिव्यांच्या कडा. म्हणून इंजिन खिळखिळं पण आतली सजावट पूर्ण असलेली गाडी ही, इंजिन चांगलं पण सजावट अपुरी असलेल्या गाडीपेक्षा स्वस्तात पडते.

कारखान्यातून निघाली तेव्हा किंमत ४,४४५ डॉलर होती, ब्युइक रिव्हिएराच्या थोडी वर. रिव्हिएराच्या मागे जनरल मोटर्स होती. अवान्तीच्या मागे अशी कंपनी जिने डिसेंबर १९६३ मध्ये साऊथ बेंडचा कारखानाच बंद केला. गावातले दोन स्टुडबेकर विक्रेते, नेथन ऑल्टमन आणि लिओ न्यूमन, यांनी साचे आणि जागा विकत घेऊन १९६५ पासून अवान्ती-२ काढली, कॉर्व्हेटचं ३२७ घनइंची शेव्हरोले इंजिन घालून. चालवायला ती जास्त सोयीची, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी. पण ते इंजिन उंच; त्यासाठी पुढची बाजू वर उचलावी लागली आणि चाकांची कमान लहान करावी लागली. नाक खाली, पाठ वर ही जी ऐट पाम स्प्रिंग्जच्या त्या घरात मातीत धरली होती तीच नेमकी गेली. द्रोण्या मात्र तिथेही त्याच, तशाच गंजणाऱ्या.

१९६३ ला दिव्यांच्या गोल कडा, १९६४ ला चौकोनी. १९६४ च्या अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांनाही गोलच, त्यामुळे नुसत्या दिव्यावरून वर्ष ठरवून भाव करू नये. गोल दिव्यांना जास्त पैसे मोजणारे भेटतात. तेवढेच पैसे द्रोण्यांवर मोजावेत: रंग उडालेली, सीट फाटलेली, चार गिअरची आर-१, जिच्याखाली ठोकल्यावर टणत्कार येतो आणि ड्रेन प्लग काढल्यावर पाणी वाहतं, ती आरशासारख्या चकचकीत आर-२ च्या आधी घ्यावी.